जगात जर्मनी, भारतात परभणी. मधे मुंबईचे बंदर

परभणीकर महाराष्ट्रात कुठेही भेटला तरी 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे एकदा ऐकवतोच. हल्ली मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्यातला जर्मनीचा भाग फारच मनावर घेतलाय. कुणी जपानच्या लिलावातली जर्मन सेडान दाखवतो, कुणी दुबईच्या यार्डातली लँड क्रूझर, आणि किंमत रुपयांत सांगतो: आठ लाख, दहा लाख, बारा लाख. आपल्याकडची कितीतरी मुले आखातात कामाला आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याचा फोन येतो, "भैया, इथं स्विफ्टच्या पैशात भारी गाडी मिळायलीय, पाठवून देऊ का?" मग आठ दिवस घरात दुसरा विषय नसतो.

पाठवता येते का? कायद्याने येते. परदेशातली जुनी गाडी भारतात आणायला सरसकट बंदी नाही. पण अटी आणि कर असे आहेत की नीट हिशेब मांडला तर बहुतेकांचा विचार तिथेच बदलेल. अडचण अशी, की बयाणा आधी जातो आणि हिशेब नंतर होतो.

"दहा लाखांची गाडी, भाडे-बिडे धरून तेरा लाखांत दारात"

हा सगळ्यात महागडा गैरसमज, म्हणून आधी तोच घेऊ.

सीमाशुल्क तुम्ही मोजलेल्या किमतीवर लागत नाही. गाडीची किंमत, जहाजाचे भाडे आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. भाड्याचा आकडा दाखवता आला नाही, तर मूल्यांकनाचे नियम किमतीच्या 20 टक्के भाडे गृहीत धरतात; विम्याचा आकडा नसेल तर 1.125 टक्के. मित्राने चार लाखांचे बिल बनवून दिले तर काम होईल, असेही कुणी समजू नये. त्या मॉडेलची नवी किंमत काढायची आणि तीतून वयाप्रमाणे घसारा वजा करायचा, ही कस्टमची जुनी रीत आहे.

समजा, हे सगळे धरून किंमत बरोबर 10 लाख निघाली. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात जुन्या गाड्यांवरचे मूळ सीमाशुल्क 125 टक्क्यांवरून 70 वर आले. तेवढी बातमी गावभर झाली. त्याच वेळी या गाड्यांवर कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर 67.5 टक्के लागला, ते मात्र कुणी वाचले नाही. आधी 125 वर अधिभाराचे 12.5 धरून 137.5 होत होते. आता 70 आणि 67.5 मिळून पुन्हा 137.5. शेतीच्या नावाचा उपकर सोयाबीनवाल्याने जर्मन गाडीवर भरायचा, ही गंमत निराळीच.

तर 10 लाखांवर 13 लाख 75 हजार, एकूण 23 लाख 75 हजार. आता या बेरजेवर, म्हणजे करावरही, जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांना तो 40 टक्के आहे: आणखी 9 लाख 50 हजार. बंदरातून बाहेर पडताना गाडी 33 लाख 25 हजारांची झालेली असते. गाडी चार मीटरच्या आतली आणि लहान इंजिनाची (पेट्रोल 1200 सीसी किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंत) असेल तर जीएसटी 18 टक्के लागून आकडा 28 लाखांवर थांबतो. पण लहान गाडी परदेशातून कोण आणतो?

मग आरटीओ. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी रस्ताकर 20 टक्के आहे. 1 जुलै 2025 पासून त्याची कमाल मर्यादा 30 लाखांवर गेलीय, म्हणजे आपल्या उदाहरणाला ती वाचवत नाही. 33 लाख 25 हजारांवर 6 लाख 65 हजार. दहाची गाडी चाळीसला टेकली. यात तपासणीचे शुल्क, क्लिअरिंग एजंटची फी, गाडी बंदरात अडकली तर रोज चढणारे भाडे आणि मुंबईहून परभणीपर्यंतचा ट्रक धरलेला नाही.

"दुबईची गाडी आपल्या उन्हाला बरी"

एसीपुरते खरे आहे. पण दुबई, सौदी, कतारमध्ये स्टिअरिंग डावीकडे असते आणि भारतात आणायच्या जुन्या गाडीचे ते उजवीकडेच हवे; हेडलाइटही डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे हवेत. आखातातून येणारे बहुतेक फोन इथेच संपायला हवेत. उरतात जपान, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर असे देश.

"पासिंग अडीच वर्षांपूर्वीचे आहे, म्हणजे तीन वर्षांच्या आत"

तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात आणता येत नाही, आणि ही तीन वर्षे मोजतात ती कारखान्यातून गाडी तयार झाल्याच्या तारखेपासून, पासिंगपासून नव्हे. शोरूमला आठ महिने उभी राहिलेली गाडी तेवढी म्हातारी धरली जाते. जपानमध्ये नव्या खासगी गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी येते. ब्रिटनच्या मोठ्या भागातही तसेच. त्या सुमारास लोक गाड्या काढतात आणि भाव पडतात. म्हणजे गाडी तिकडे स्वस्त व्हायला लागते नेमकी तेव्हाच आपल्याकडे तिला दार बंद होते. व्हिडिओतल्या पाच-सात वर्षांच्या चकचकीत गाड्या आफ्रिकेतले गिऱ्हाईक आपापल्या देशाच्या नियमांप्रमाणे घेतात. त्या भावांशी आपला संबंध नाही.

याच्या उलट्या बाजूचाही एक घोळ आहे: "फक्त 500 किलोमीटर चाललीय, नवी म्हणून आणू." नियमाच्या दृष्टीने मीटरचा आकडा गौण. भारतात येण्याआधी गाडी कुणाला विकली, भाड्याने दिली किंवा कोणत्याही देशात तिची नोंदणी झाली, की ती जुनीच.

"बंदर कुठलेही चालते, बाकी एजंट बघतो"

जुनी गाडी फक्त मुंबईच्या बंदरातून आत येते. चेन्नई नाही, मुंद्रा नाही. जहाजात चढण्याआधी तिकडच्या तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. आयातदाराने गाडी पुढची पाच वर्षे रस्त्यावर चालण्यायोग्य राहील आणि तिची सर्व्हिस भारतात होईल याची हमी द्यायची असते. ही अट दिसायला साधी, पण जे मॉडेल भारतात कधी विकलेच गेले नाही त्याची सर्व्हिस कोण करणार? परभणीतला मेकॅनिक हुशार असतो, पण नियमाला त्याच्या हुशारीची हमी चालत नाही.

यानंतरचा टप्पा लोकांना माहीतच नसतो. गाडी मुंबईत उतरली तरी तिला लगेच सोडत नाहीत; आधी परीक्षा होते. नियमात नावे दिलेल्या तीन परीक्षकांपैकी दोन आपल्याच राज्यात आहेत: अहिल्यानगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आणि पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, जिला सगळे एआरएआय म्हणतात. तिसरी मध्य प्रदेशात बुदनीला, तिचे मुख्य काम ट्रॅक्टर-अवजारांचे. कल्याणवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61 अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी, मानवत करत परभणीला येतो. म्हणजे परीक्षेचे केंद्र गाडीच्या घरच्या वाटेवरच आहे. फक्त नापास झाली तर पुढची वाट नाही. परत पाठवण्याचा खर्च आयातदाराच्याच माथी.

पास झाली तर परभणीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात एमएच-22 क्रमांकासाठी बिल ऑफ एंट्री, कस्टमचा दाखला, तपासणी अहवाल आणि विमा द्यायचा. बाहेरगावच्या एजंटाला 'सगळे करून देतो' म्हणायला काही लागत नाही. शुल्क आणि दंडाच्या नोटिशीवर मात्र नाव आयातदाराचे असते.

"कायमचे परत येणाऱ्याला गाडी माफ असते"

टीव्ही, फ्रिज, घरसामान यांच्या बाबतीत परतणाऱ्याला सवलत आहे, त्यावरून हा समज झाला. पण सीमाशुल्क कायद्याच्या कलम 2 मध्ये सामानाची व्याख्या करतानाच मोटारवाहन त्यातून वगळले आहे. परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्याला, गाडी किमान वर्षभर त्याच्या ताब्यात असेल तर, आयात धोरणातल्या काही अटींमधून सूट मिळते. करातून मिळत नाही. मामाने भेट दिलेल्या गाडीलाही तोच दर. परदेशातल्या नातेवाइकाच्या निधनानंतर वारसाकडे आलेल्या गाडीलाही तोच.

इथे कुणीतरी हमखास म्हणतो, "मग सचिनला कशी माफ झाली?" गोष्ट अर्धीच सांगितली जाते. 2002 मध्ये ब्रॅडमन यांच्या 29 शतकांची बरोबरी केल्याबद्दल फियाट कंपनीने सचिन तेंडुलकरला फेरारी 360 मोडेना दिली. सिल्व्हरस्टोनला ती मायकेल शूमाकरच्या हस्ते मिळाली. नियमात सोय होती ती आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या गाडीची, आणि ही होती कंपनीची भेट. तरी साधारण 1 कोटी 13 लाखांचे शुल्क माफ करण्याचा निर्णय झाला. त्यावर टीका झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी शुल्क फियाटने भरले. त्याआधी 1985 मध्ये मेलबर्नला 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरलेल्या रवी शास्त्रींना ऑडी 100 मिळाली होती. तिचे शुल्क तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांनी माफ केले, असे शास्त्रींनी स्वतः सांगितले आहे. ती मैदानावर जिंकलेली गाडी होती. या दोन्हींतून आपल्या कामाचे उदाहरण निघत नाही.

"सुटे भाग करून आणू, नाहीतर भूतानमार्गे"

गाडी सुटी करून आणली आणि तिचे मूळ रूप ओळखू येत असेल, तर वर्गीकरणाच्या नियमांप्रमाणे ती पूर्ण गाडीच धरतात. भूतानची वाट म्हणजे सरळ तस्करी. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात कस्टमने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने धाडी घातल्या. भूतानमधून आलेल्या आणि खोट्या कागदांवर भारतात नोंदवलेल्या महागड्या गाड्यांचा तो तपास होता, आणि नामांकित चित्रपट अभिनेत्यांच्या घरांपर्यंत पोचला. परभणीतल्या गिऱ्हाइकाने एवढेच ध्यानात ठेवावे की जप्ती गाडीवर येते. मालक दुसरा की चौथा, हे ती पाहत नाही.

"इंग्लंडशी करार झाला, आता दर पडले"

24 जुलै 2025 ला सही झालेल्या करारातली मोटारींची सवलत कोट्यापुरती आहे आणि ब्रिटनमध्ये तयार झालेल्या गाड्यांसाठी आहे. लंडनच्या दुकानातून घेतलेली, पण जपानमध्ये बनलेली गाडी त्यात बसत नाही. शिवाय तीन वर्षांची अट, बंदर, तपासणी हे आयात धोरणाचे विषय आहेत. शुल्क कमी झाल्याने ते हटत नाहीत.

परदेशी नंबर प्लेटवर काही दिवस फिरवायची असेल तर 'कार्ने' नावाचे कागद लागतात. साधारण सहा महिन्यांत गाडी देशाबाहेर परत न्यायची हमी त्यात असते.   गाडी इथे ठेवून घ्यायचा हा मार्ग नाही.

खऱ्या हौशी माणसासाठी मात्र एक दार 2025 मध्ये रुंद झाले. पूर्वी 1950 च्या आधीच्याच व्हिंटेज गाड्या आणता येत. आता पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली गाडी परवान्याशिवाय येते. शुल्क अर्थात आहेच. नोंदणी 20 हजार रुपये भरून दहा वर्षांसाठी होते, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि ती रोज मोंढ्यात नेता येत नाही: रॅली, प्रदर्शन, देखभाल एवढेच.

रोज चालवायची म्हणाल तर आणखी दोन गोष्टी. 2018 मध्ये पेट्रोल नव्वदीपार गेले तेव्हा परभणीचे नाव देशभरच्या बातम्यांत होते, कारण मनमाडच्या डेपोपासूनचे अंतर आपल्या दरात चढते. आणि आता पंपावर इथेनॉल मिसळलेले ई-20 आहे. परदेशातल्या बाजारासाठी बनलेले इंजिन त्याला धरून असेलच असे नाही.

मग जर्मन गाडीची हौस कशी भागवायची? माझ्या मते, जिचे शुल्क कुणीतरी आधीच भरले आहे अशी इथलीच जुनी गाडी घ्यावी. पहिल्या मालकाने सोसलेला कर तिच्या किमतीतून बराचसा उतरलेला असतो. मुंबई-पुण्यात अशा गाड्या भरपूर. दिल्लीची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रस्ताकर हिशेबात धरा. तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे स्वस्तात सुटणाऱ्या गाड्यांची आयुष्यरेषा आपल्याकडे येईपर्यंत आखूड झालेली असते. गाडी कंपनीने भारतात जोडलेली की थेट आयात झालेली, हे आरसीवरच्या नोंदींवरून आणि चासी क्रमांकावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्यावे. थेट आयात असेल तर विक्रेत्याकडे बिल ऑफ एंट्री मागा, त्यातला चासी क्रमांक बॉनेट उघडून गाडीवरच्या क्रमांकाशी ताडा, आणि जुळल्यावरच बयाण्याचे बोला.