ताठ म्हणजे किती ताठ?

"अरे, जरा ताठ बस ना!" हे वाक्य कधीच ऐकलं नाही, असं तुमच्यात कुणी आहे का? नसणारच! पण दोस्तांनो, ताठ म्हणजे नेमकं किती ताठ? आपला कणा काय फूटपट्टी आहे?

एक सोपा प्रयोग करू. समजा, पाथरीच्या एखाद्या शाळेत आठवीची मुलं-मुली भिंतीला पाठ टेकवून उभी राहिली. आता प्रत्येकाने कमरेमागे हात घालून बघायचा. तिथे पोकळी लागेल! कुणाच्या पोकळीत जेमतेम पंजा सरकेल, तर कुणाच्या पोकळीत मूठसुद्धा मावेल. मग यातलं बरोबर कोण आणि चूक कोण?

बहुधा कुणीच चूक नाही. कणा समोरून सरळ दिसतो, पण बाजूने पाहिला तर नागमोडी असतो. मानेच्या ७ मणक्यांचा बाक पुढे, पाठीच्या १२ मणक्यांचा मागे आणि कमरेच्या ५ मणक्यांचा पुन्हा पुढे. या बाकांमुळेच डोकं कमरेच्या बरोबर वर राहतं आणि स्नायू लवकर दमत नाहीत.

कुणाचा बाक किती, हे बरंचसं तळाशी ठरतं. मडक्यांची उतरंड आठवा. खालचं मडकं कलतं असेल, तर तोल राखण्यासाठी वरची मडकी जपून मागेपुढे सरकवावी लागतात. कण्याच्या उतरंडीचं खालचं मडकं म्हणजे कमरेच्या हाडांचं कडं. त्याला श्रोणी म्हणतात.

तिचा कल मोजायचा कसा? उभ्या माणसाचा बाजूने एक्स-रे काढतात. मग लागते ती तुमच्या कंपासपेटीतली भूमिती! शेवटच्या मणक्याखाली श्रोणीच्या हाडाची एक सपाटी असते. ती आडव्या रेषेशी किती उतरती आहे, हा पहिला कोन. त्या सपाटीच्या मध्यापासून दोन्ही खुब्यांच्या मध्यापर्यंत रेघ ओढायची. ती उभ्या रेषेपासून किती कलली आहे, हा दुसरा कोन.

आता गंमत बघा. एखाद्याचे कोन ४१ आणि ७ अंश आहेत. बेरीज ४८. तो पोक काढून उभा राहिला, की श्रोणी मागे फिरते. कोन होतात, समजा, ३३ आणि १५. बेरीज? पुन्हा ४८! उभं राहण्याची ढब बदलली, तरी बेरीज तीच. ती प्रत्येकाची वेगळी असते आणि वाढीच्या वयात हळूहळू थोडी वाढते.

पण धडधाकट मुलांची मापं हवीत कशाला? अंगात ताप आहे हे कसं कळतं? निरोगी अंग किती गरम असतं, ते ठाऊक असतं म्हणून. तसंच हे. २००४ साली कॅनडातल्या संशोधकांनी ४ ते १८ वर्षांच्या १८० निरोगी मुलामुलींची मापं प्रसिद्ध केली. या बेरजेची सरासरी आली सुमारे ४८ अंश. पण एकाची ३८ आणि दुसऱ्याची ५८ असली, तरी दोघंही ठणठणीत असू शकतात. कण्याची शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांना अशी मापं फार उपयोगी पडतात. सगळ्यांचे कणे एकाच साच्यात बसवून कसं चालेल?

म्हणून आपलाही एक्स-रे काढून घ्यावा, असं मात्र मनात आणू नका बरं का! हे किरण जपूनच वापरायचे असतात, वाढत्या वयात तर जास्तच. आपल्या देशात एक्स-रे यंत्रांसाठीचे सुरक्षेचे नियम मुंबईची अणुऊर्जा नियामक परिषद ठरवते.

लक्ष ठेवायचं ते दुसऱ्याच गोष्टीवर. पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाका आणि आईला मागून पाठ बघायला सांगा. एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का? खांदे वरखाली आहेत का? तसं असेल, तर कणा डावीउजवीकडे वळत असू शकतो. एक्स-रेत हा वळसा १० अंश किंवा अधिक भरला, तर डॉक्टर त्याला 'स्कोलिओसिस' म्हणतात. उंची झपाट्याने वाढताना तो वाढू शकतो. वेळीच कळलं, तर पुष्कळदा पट्ट्याने तो रोखता येतो. म्हणून लाजून लपवू नका, लगेच घरी सांगा.

आणि मैत्रिणीची पोकळी तुमच्यापेक्षा मोठी निघाली, तर तिला चिडवू नका. तिची बेरीज वेगळी आहे, इतकंच!