रेडिएटरच्या कडेची फोमपट्टी

जुन्या ट्रॅक्टरचं बॉनेट उचललं की रेडिएटरच्या वरच्या टाकीवर आणि दोन्ही अंगांना एक काळपट पट्टी चिकटवलेली दिसते. पुष्कळदा तीही दिसत नाही, तिच्या जागी वाळलेल्या गोंदाचा पिवळा माग तेवढा उरलेला असतो. पट्टी असलीच तर बोट लावताच तिचा भुगा होतो आणि तो भुगा डिझेलच्या ओशटपणाने बोटाला चिकटून राहतो. पत्र्याची खडखड थांबावी म्हणून कंपनीने स्पंज लावला असेल, असं बहुतेकांना वाटतं आणि तो झडला तरी कुणी त्याची जागा भरत नाही. ही समजूत चुकीची आहे. ती पट्टी म्हणजे फॅन बेल्ट किंवा वॉटर पंपाइतकाच इंजिन थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचा भाग आहे. कामावर गरम होणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरचा रेडिएटर खोलायला देण्याआधी ही पट्टी तपासली पाहिजे.

यासाठी वारा कुठून कुठे जातो ते पाहावं लागतं. ट्रॅक्टरचा फॅन रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला असतो. तो समोरच्या जाळीतून हवा ओढतो, ती रेडिएटरच्या पातळ पात्यांमधून जाते, पाण्याची उष्णता घेते आणि तापून इंजिनवर फेकली जाते. म्हणजे रेडिएटरच्या पुढे हवेचा दाब कमी, फॅनच्या मागे जास्त. हवेला सोपी वाट हवी असते. टाकी आणि बॉनेट यांच्यामध्ये दोन बोटं फट मिळाली की मागची तापलेली हवा त्या फटीतून पुन्हा पुढे येते आणि पुन्हा त्याच रेडिएटरमध्ये शिरते. मोटारीला निदान वेगाचा वारा मिळतो. ट्रॅक्टर रोटाव्हेटर ओढताना ताशी तीन-चार किलोमीटरने सरकतो आणि पीटीओवर मळणी यंत्र लावलं की जागेवरच उभा असतो. त्याला वारा द्यायला फॅनशिवाय कुणी नाही, आणि फॅनने ओढलेल्या हवेतला काही भाग आधीच तापलेला असेल तर फॅनची तेवढी मेहनत वाया जाते.

किती वाया जाते याचा हिशेब सोपा आहे. मॅसी फर्ग्युसन १३५ घ्या. १९६४च्या अखेरीस बाजारात आलेला, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत बनलेला, अडीच लिटरचं तीन सिलिंडरचं पर्किन्स डिझेल इंजिन असलेला. त्याच घराण्यातले ट्रॅक्टर चेन्नईच्या टॅफेने भारतात घरोघरी नेले. डिझेलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामाला येतो, तिसरा धुराड्यातून जातो आणि उरलेल्यातला बराचसा पाण्यामार्फत रेडिएटरवर येतो. पूर्ण भारावर या इंजिनाच्या रेडिएटरला दोन किलोवॉटचे डझनभर गीझर सतत चालू असावेत तेवढी उष्णता बाहेर टाकावी लागते. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी आणि समोरून येणारी हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि कॉव्हेंट्रीची उन्हाळी हवा २० अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. तोच ट्रॅक्टर मे महिन्यात चंद्रपूरला ४५ अंशांत उभा केला तर फरक ४५ वर येतो. आता समजा, फटींतून फिरून आलेल्या हवेने रेडिएटरसमोरची हवा आणखी १० अंशांनी तापली. फरक उरला ३५. कॉव्हेंट्रीत तेवढ्याच गळतीने सातवा हिस्सा गेला असता, चंद्रपूरला पाचव्या हिश्शाहून जास्त जातो, आणि मुळात तो हिस्सा हाताशी शिल्लक नसतो. इंग्लंडात जी पट्टी विसरली तरी चालून गेली असती, ती विदर्भात विसरून चालत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, पट्टी झडून वीस वर्षं झाली, ट्रॅक्टर चालतोच आहे. तो चालला, हे खरं आहे. नवा ट्रॅक्टर कारखान्यातून निघतो तेव्हा रेडिएटरची ताकद गरजेपेक्षा थोडी जास्त ठेवलेली असते, आणि पट्टी गेल्यावरची तूट त्या शिलकीतून भागत राहते. पण त्याच वीस वर्षांत बोअरच्या खारट पाण्याने नळ्यांत क्षार बसतो, पाती वाकतात, बेल्ट ढिला होतो, पंपाची चाकी झिजते. शिलकीवर एकाच वेळी सगळ्यांनी हात मारलेला असतो. म्हणून पाणी उकळायला लागतं त्या दिवशी दोष शेवटी बिघडलेल्या गोष्टीवर जातो आणि सगळ्यात आधी गेलेल्या पट्टीचं नाव कुणी घेत नाही.

मग जे उपाय होतात ते मात्र महागात पडतात. थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. त्याने काटा खाली येतो खरा, पण हलक्या कामावर इंजिन थंडच चालतं, डिझेल पूर्ण जळत नाही, ते ऑईलमध्ये उतरतं आणि लायनर झिजतात. रेडिएटरचा नवा कोअर बसवला तरी फटी तशाच राहिल्या तर त्यालाही तापलेलीच हवा मिळते. कुणी फटीत गोणपाट कोंबतं. ते तेल शोषतं, सैल होऊन फॅनमध्ये जाऊ शकतं, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी तेल प्यायलेलं गोणपाट ही आगीला दिलेली संधी आहे. शिवाय पट्टी आणखी एक काम करते, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. बाहेरची हवा समोरच्या जाळीतूनच यावी हे ती पाहते. फटीतून येणारी हवा जाळी चुकवते, म्हणून सोयाबीनच्या मळणीत भुसा थेट पात्यांमध्ये जाऊन बसतो.

पट्टी बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, फक्त फोम योग्य निवडावा लागतो. गादीचा उघड्या छिद्रांचा फोम स्वस्त असतो, पण तो पाणी आणि तेल पितो आणि उष्णतेने वर्ष-दोन वर्षांत कुजतो. हवा बंद असलेल्या बारीक कप्प्यांचा, ईपीडीएम किंवा निओप्रीन रबराचा फोम घ्यावा. तो दाबून सोडला की पुन्हा फुगतो. जाडी डोळ्याने ठरवू नये. घट्ट कणकेचा गोळा टाकीवर तीन-चार ठिकाणी ठेवायचा, बॉनेट पूर्ण बंद करून उघडायचं आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजायची. फट १८ मिलिमीटर आली तर २५ मिलिमीटरची पट्टी, म्हणजे साधारण पाव ते तिसरा हिस्सा दाब बसतो. त्याहून जाड घेतली तर बॉनेटचा खटका लागत नाही आणि टाकीवर विनाकारण जोर येतो. जुना गोंद खरवडून, थिनरने पुसून, पत्रा पूर्ण कोरडा करायचा. चपलांना वापरतात ते रबर सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच पट्टी दाबायची. ओल्या सोल्यूशनवर घाईने चिकटवलेली पट्टी पहिल्याच उन्हात सुटते. कोपऱ्यात दोन तुकडे तिरपे कापून एकमेकांना भिडवायचे, कारण गळती बहुधा तिथेच राहते. खालची बाजू आणि दोन्ही अंगं विसरायची नाहीत; वरच्या टाकीवरची पट्टी डोळ्यांसमोर असते म्हणून लोक तेवढीच बदलतात.

काम जमलं की नाही हे आठ-पंधरा दिवसांच्या वापरानंतर बॉनेट उघडून कळतं. चांगल्या बसलेल्या पट्टीवर पत्र्याचा दाबलेला, गुळगुळीत माग सलग उमटलेला असतो. जिथे तो माग तुटतो आणि पट्टीला आडवी छेदून धुळीची बारीक रेघ पुढच्या बाजूला गेलेली असते, तिथून तापलेली हवा अजून जाते आहे. त्या रेघेखाली फोमचा एक पातळ तुकडा आणखी चिकटवायचा आणि ट्रॅक्टर पुन्हा कामाला लावायचा.