शय्याव्रण: चादरीखालची साक्ष

वृद्ध मातापित्यांस शुश्रूषागृहांत ठेवण्याची वेळ आमच्या छत्रपति संभाजीनगरांतहि कुटुंबांवर येते. भेटीस गेलेला मुलगा धुतलेली चादर पाहून समाधान पावतो. पाहावयाचें असतें तें चादरीखालीं.

हाड आणि बिछाना यांमध्यें कातडी दबून राहिली कीं तेथील रक्तप्रवाह खुंटतो. माकडहाड, टाच, खुबा हीं नेहमींचीं ठिकाणें. आलेली लाली बोटानें दाबूनहि फिकट होत नसेल, तर व्रणास आरंभ झाला. सांवळ्या कातडीवर ती चटकन दिसत नाहीं. तेथें हात लावून ऊष्णता व कठिणपणा पाहावा. सामान्यतः दर दोन तासांनीं कूस बदलणें, ओल पुसणें आणि पोषक अन्न, इतकाच उपाय. पण तो रात्रींहि करावा लागतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील अत्याचारानंतर २०१५ पर्यंत अंथरुणास खिळून होत्या. ३७ वर्षांत त्यांस एकहि शय्याव्रण झाला नाहीं, हें २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयांत नमूद झालें. ही सेवा महापालिकेच्या रुग्णालयांतील परिचारिकांची!

मरणोन्मुख रोग्यास उत्तम शुश्रूषेंतहि कधीं व्रण होतो. म्हणून एकदम आरोप करूं नये. मात्र कूस केव्हां बदलली याची नोंदवही मागावी. ती नसेल, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडून पाठ व टाचा तपासून घ्याव्या.