किती पिढ्या आठवायच्या?

१४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. रणांगणात सापडलेलं एक धड त्यांचंच म्हणून ओळखलं गेलं, त्याला अग्नीही दिला गेला, असं सांगतात. पण पुण्यात त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. पुढे स्वतःला भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत त्यानं पेशव्यांच्या कारभाऱ्यांना चांगलाच घोर लावला. माणूस गेला की नाही याचा निर्वाळा आज नगरपालिकेचा दाखला देतो. त्या काळी घरानं त्याची क्रिया केली, की तो गेला. क्रिया झाली नाही तर तो ना धड जिवंत, ना पितर.

धर्मशास्त्रकारांना ही अडचण नवी नव्हती. माणूस परागंदा झाला, काही ठावठिकाणा नाही, तर साधारण बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या ३६० देठांची मनुष्याकृती करून तिचं दहन करायचं, असा पालाशविधी ग्रंथांत दिलेला आहे. डोकं, हात, पाय, कुठल्या अवयवाला किती देठ, हेही ठरलेलं. वाचताना प्रथम हसू येतं. मग लक्षात येतं की, देहच हाती न लागलेल्या घरांना कुठेतरी थांबता यावं म्हणून कुणीतरी बसून हा हिशेब केला आहे.

श्राद्धविधीचा गाभा पाहिला तर तो असा हिशेबच आहे. पितर म्हणजे मागचे सगळे, अशी आपली सर्वसाधारण समजूत. विधी मात्र तीनच पिढ्या मोजतो: वडील, आजोबा, पणजोबा. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. बाराव्या दिवशी होणारी सपिंडी हा या मोजणीतला कळीचा क्षण. तोवर गेलेला माणूस प्रेत असतो. त्याच्या नावाचा पिंड आधीच्या तिघांच्या पिंडांत मिसळला की तो पितरांच्या पंगतीत बसतो आणि त्याच वेळी सर्वांत जुना पितर पंगतीतून उठतो. त्याच्यासाठी पुढे पिंड नाही. पिंड ठेवून झाल्यावर हाताला चिकटलेलं अन्न दर्भांना पुसतात, तेवढा लेप त्याचा आणि त्याच्याही मागच्या दोघांचा. म्हणून त्यांना लेपभाज म्हणतात. त्यापलीकडच्यांना नावानं कोणी हाक मारत नाही. विसरण्याची इतकी शिस्तशीर सोय क्वचितच कुठे असेल.

तीन नावं आठवायची, तरी तिथेच गाडी अडते. गुरुजी संकल्पाला नावं विचारतात. वडिलांचं, आजोबांचं सांगून होतं आणि पणजोबांपाशी यजमान आत्याला फोन लावतो. पणजीच्या बाबतीत तर आत्याही गप्प. शास्त्रकारांनी हेही धरलेलंच होतं. नाव ठाऊक नसेल तर वडिलांना पृथिवीषद्, आजोबांना अंतरिक्षसद् आणि पणजोबांना दिविषद् म्हणावं. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप सांगावं.

भाद्रपद वद्य पक्षातल्या महालयाला, म्हणजे घराघरांतल्या म्हाळाला, हा हिशेब एकदम सैल होतो. इथे आईकडचे आजोबा-पणजोबा येतात, सावत्र आई येते. पत्नी, मुलगा, मुलगी, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरे येतात. गुरू येतो, शिष्य येतो, शेवटी आप्त म्हणून मित्रही येतो. निपुत्रिक मावशी आणि अविवाहित काका यांना वर्षभरात हक्काची जागा मिळते ती बहुधा इथेच. तिथ्यांची वाटणीही तशीच. सवाष्ण गेलेल्यांची अविधवा नवमी, संन्याशांची द्वादशी, शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांची चतुर्दशी. तिथीच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेला, ज्याचे वडील हयात आहेत असा नातू आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो.

खर्चाचं काय? पितृपंधरवड्यात ज्यांच्या पोटात खर्चाच्या धाकानं गोळा येतो त्यांनी विष्णुपुराण जरूर पाहावं. पानभर जेवण झेपत नसेल तर कोरडा शिधा द्या. तोही नसेल तर मूठभर तीळ द्या, तेही नसतील तर गाईला दिवसभराचा चारा घाला. काहीच नसेल तर रानात जा, दोन्ही हात वर करा आणि माझ्याजवळ काही नाही, माझ्या भक्तीनंच तृप्त व्हा, असं पितरांना सांगा. पत्रिकेतला पितृदोष दाखवून हजारोंच्या शांती गळ्यात मारणाऱ्यांच्या तोंडून ही शेवटची पायरी सहसा ऐकू येत नाही.

पानात काय वाढायचं हेही काळाबरोबर बदललं. आज म्हाळाच्या पानात भाताची खीर, उडदाचे वडे, अळूची भाजी, कढी, आमसुलाची चटणी, कांदा-लसूण वर्ज्य. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात मात्र मासळीनं पितर दोन महिने तृप्त होतात, हरणाच्या मांसानं तीन, मेंढीच्या मांसानं चार, अशी चढती यादी आहे. नंतरच्या निबंधकारांनी श्राद्धातलं मांस कलियुगात वर्ज्य ठरवलं. ‘आमच्याकडे पूर्वापार असंच चालत आलंय’ या वाक्यातलं पूर्वापार किती जुनं, हे म्हणून तपासून घेतलेलं बरं. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आयुष्यभर तेच केलं. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात अंत्येष्टी, आशौच, श्राद्ध आणि तीर्थयात्रा यांची चिकित्सा आहे आणि १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो याच खंडाला.

पैठणचं या विषयाशी दुहेरी नातं आहे. १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहून श्राद्धाचे बारीकसारीक निर्णय देणारे कमलाकरभट्ट काशीचे, पण त्यांचं भट्ट घराणं मूळचं पैठणचं. आणि श्राद्धाचा स्वयंपाक ब्राह्मण जेवण्याआधी दारावरून जाणाऱ्या भुकेल्या महार कुटुंबाला वाढणारे एकनाथही पैठणचेच. ब्राह्मणांनी बहिष्कार टाकला, तेव्हा नाथांचे पितर स्वतः येऊन पानावर बसले, अशी कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. पान कोणापुढे मांडायचं यावरून सोळाव्या शतकातल्या पैठणात तंटा होऊ शकत होता आणि लोकस्मृतीनं त्यात नाथांची बाजू घेतली.

तीर्थांमध्ये अर्थात गया पहिली. तिथलं विष्णुपद मंदिर सध्याच्या रूपात बांधलं अहिल्याबाई होळकरांनी, १७८७ च्या सुमाराला. तिथल्या फल्गू नदीचं पात्र बहुतेक काळ कोरडं. पिंडदानाला पाणी राहावं म्हणून २०२२ मध्ये तिथे रबरी धरण झालं. एकदा गया केली की पुढे श्राद्ध नको, असं पुष्कळ जण धरून चालतात. गुरुजी मात्र वार्षिक श्राद्ध सोडू नका असंच सांगतात. मागे करणारं कोणी नसेल, त्याला गयेत स्वतःचा पिंड जिवंतपणी ठेवायचीही मुभा आहे. आईसाठी मातृगया वेगळी: गुजरातेतलं सिद्धपूर, बिंदुसरोवराच्या काठी.

मराठी माणसाला जवळची तीर्थं म्हणजे नाशिकचं रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर. विधीनं तीन पिढ्यांवर आखलेली रेघ इथे तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांनी ओलांडली आहे. यजमान आला की गाव आणि आडनाव विचारायचं, बाड काढायचं, कोण कधी आलं, सोबत कोण होतं, घरात कोण जन्मलं, कोण गेलं, ते लिहून घ्यायचं आणि खाली सही घ्यायची. जुन्या नोंदी मोडीत आहेत. संकल्पाला पणजोबांचं नाव न आठवलेल्या माणसाला इथे खापरपणजोबांची सही पाहायला मिळू शकते. लेपभाजही न उरलेले पूर्वज शाईत शिल्लक असतात.

या चोपड्यांची सगळी रचना गावावर उभी आहे. मूळ गाव सांगितल्याशिवाय बाड सापडत नाही. नोकरीसाठी शहरात आलेल्या घरांची तिसरी-चौथी पिढी आता अस्थी घेऊन येते. त्यांच्या आधार कार्डावर सोसायटीचं नाव असतं, इमारतीचा क्रमांक असतो. गाव कोणतं, असं उपाध्ये विचारतात आणि यजमान पुन्हा आत्याला फोन लावतो. तिलाही सांगता आलं नाही, तर नवं पान उघडून त्यावर पुणे असं लिहावं लागतं.