चाकाचे स्टड पुन्हा पुन्हा का तुटतात?

अंधेरी-कुर्ला रस्ता व साकी विहार रस्ता जेथे मिळतात त्या साकीनाका परिसरात लहान यंत्रशाळा व गॅरेजे यांची दाटी आहे. जुन्या मालवाहू व्हॅनच्या एकाच चाकाचा स्टड तुटावा, मालकाने 'माल हलका' म्हणून दुकानदारास दोष द्यावा, नवा स्टड बसवावा आणि थोड्याच आठवड्यांत शेजारचा तुटावा, हा अनुभव अशा गॅरेजांना नवा नाही.

चाक स्टडवर टांगलेले असते, ही समजूतच मुळात चुकीची होय. नट आवळला की स्टड किंचित लांबतो व त्या ताणाने रिम हबवर दाबली जाते. भार पेलते ते या दाबातून उत्पन्न होणारे घर्षण. दाब घटला की रिम सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास स्टड वाकतो. एरवी सहज सोसवणारा भारही असंख्य वेळा पडल्यास धातूस शिणवितो, हे ऑगस्ट व्होलर याने १९व्या शतकात रेल्वेच्या आसांवरील प्रयोगांनी दाखवून दिले.

निदानाचा पहिला साक्षीदार तुटलेला पृष्ठभाग होय. तो फेकून देण्याची रीत म्हणूनच शोचनीय. गुळगुळीत भाग, त्यावर वाळूतील लाटांच्या खुणांसारख्या वक्र रेषा आणि शेवटी खरबरीत तुकडा दिसल्यास तो शिणवटा समजावा. आटे ताणलेले व स्टड मध्येच बारीक झालेला असल्यास तो अति आवळला गेला होता.

त्यानंतर प्रश्न असा की, एकच चाक बाधित आहे की सर्व? एकच असेल तर रिमची लांबट झालेली भोके, हबवरील गंज अथवा रंगाचा जाड थर तपासावा. हा थर वापरात दबतो आणि नट न फिरताही ताण नाहीसा होतो. सर्वच चाके बाधित असतील तर आवळण्याची पद्धत किंवा रिमच्या बैठकीशी न जुळणारे नट यांवर संशय घ्यावा. पान्याच्या जोरापैकी सुमारे दशांशच ताणात उतरतो, उरलेला घर्षणात जातो. त्यामुळे आटे गंजलेले असले की तोच जोर फारच अपुरा ठरतो, आणि तेल लावले की अतिरिक्त.

एक स्टड तुटला की त्याचा वाटा शेजाऱ्यांवर पडतो. त्यांच्यात भेगा आधीच सुरू झालेल्या असू शकतात, पण डोळ्यांस दिसत नाहीत. म्हणून त्या चाकाचे सर्व स्टड व नट एकदम बदलावेत, बैठक स्वच्छ करावी, समोरासमोरच्या क्रमाने टॉर्कच्या पान्याने आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावेत.