रूप, मुलाखत आणि नोकरी

संयुत्त निकायातील भिक्खु-संयुत्तात लकुंटक भद्दिय थेरांची हकिकत आहे. ते ठेंगणे व कुरूप असल्याने सहवासातील भिक्खूच त्यांची अवहेलना करीत. भगवंतांनी त्या भिक्खूंना सांगितले की, ह्याला प्राप्त झाली नाही अशी समापत्ती सापडणे कठीण आहे. अंगुत्तर निकायात तर मधुर स्वराच्या भिक्खूंमध्ये त्यांना अग्रस्थान दिले आहे.

देहावरून माणसाची योग्यता ठरविण्याची ही खोड आज नोकरभरतीच्या मुलाखतीत दिसते. राज्यघटनेच्या कलम १६ (२) ने शासकीय सेवेत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवासस्थान ह्या कारणांवरून भेदभाव निषिद्ध केला. त्या यादीत रूप नाही. जातीवरून कोणास नाकारता येत नाही. परंतु वर्ण, कपडे, बोलण्याची ढब पाहून ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण कमी देता येतात, आणि ते का कमी झाले हे उमेदवारास क्वचितच कळते. दारिद्र्यात वाढलेल्या मुलाचा उसना सदराच त्याची कहाणी सांगून जातो. अशा वेळी परीक्षक रूप पाहतो की जात, हे सिद्ध कसे करणार?

म्हणूनच मुलाखतीच्या गुणांचे प्रमाण हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. हरियाणा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत सर्वसाधारण उमेदवारांसाठी एकूण गुणांपैकी २२.२ टक्के मुलाखतीस होते. अशोक कुमार यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हे प्रमाण अवाजवी ठरवून १२.२ टक्क्यांची मर्यादा सांगितली. पुढे केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून ‘क’ गटातील व ‘ब’ गटातील अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या.

खाजगी क्षेत्राला कलम १६ लागू नाही. तेथे तर चेहरा दिसण्यापूर्वीच छाननी होते. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठविले होते. दलित आडनावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ठेंगणेपणा, कुष्ठमुक्त व्यक्ती आणि आम्लहल्ल्याचे बळी ह्यांचा समावेश झाला. त्याचे कलम २० शासकीय आस्थापनांना नोकरीत दिव्यांगांशी भेदभाव करण्यास मनाई करते. लकुंटक भद्दियांना आज ह्या कायद्याचा आधार मिळाला असता. मात्र केवळ सावळ्या रंगामुळे खाजगी दुकानात विक्रेतीचे काम नाकारल्या गेलेल्या मुलीसाठी त्यात एकही कलम नाही.