चार तबकड्या आणि एक मागणी

मोठ्या पंगतींत वाढपी एकच असला म्हणजे शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत पहिल्या पानावरचा भात निवून जातो. वाढपी चार केले तर काम झपाट्यानें उरकतें. परंतु कोणी एकच लाडू मागितला, तर तो आणावयास चौघांनींही धांवावें, यांत शहाणपण नाहीं. संगणकांतील माहिती अनेक तबकड्यांवर पसरून ठेवितांना हाच विवेक करावा लागतो.

१९८८ सालीं अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं एका निबंधांत असें प्रतिपादन केलें, कीं एका महागड्या तबकडीऐवजीं अनेक स्वस्त तबकड्या जोडून वापराव्या. या जोडणीस ‘रेड’ म्हणतात. तिच्या सर्वांत साध्या प्रकारांत माहितीचे सारख्या मापाचे तुकडे पाडतात; पहिला तुकडा पहिल्या तबकडीवर, दुसरा दुसऱ्या तबकडीवर, आणि चार तबकड्या असल्यास पांचवा पुन्हां पहिलीवर.

समजा, तुकडा ६४ किलोबाइटांचा आहे. तुकड्याच्या आरंभापासून २५६ किलोबाइट मागितले, तर चारही तबकड्या एकदम कामास लागतात. मागणी ४ किलोबाइटांचीच असली, तर एक तबकडी पुरते व बाकीच्या तीन इतरांच्या मागण्यांसाठीं मोकळ्या राहतात. अडचण उद्भवते ती मागणी दोन तुकड्यांच्या सीमेवर पडली म्हणजे. मग एवढ्याशा कामासाठीं दोन तबकड्या गुंततात, आणि दोहोंपैकीं मंद असेल तिचें काम संपेपर्यंत उत्तर पुरें होत नाहीं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका फेऱ्यास सुमारें ८.३ सहस्रांश सेकंद लागतात, हें ध्यानांत घेतां ही खोटी थोडी नव्हे.

पूर्वीं तबकडीवरील विभाग बहुधा ५१२ बाइटांचे ६३ घटक सोडून सुरू करीत. हें अंतर ६४ किलोबाइटांच्या पटींत बसत नाहीं. त्यामुळें विभागाच्या आरंभापासून मोजून घेतलेली प्रत्येक ६४ किलोबाइटांची मागणी सीमा ओलांडी. आतां विभाग सामान्यतः १ मेगाबाइटावर सुरू करितात व हा दोष टळतो.

ही वांटणी ऑपरेटिंग सिस्टिम करिते. लिनक्समध्यें २०१५ पूर्वीं मागणी रचतांनाच, खालच्या थरास किती पेलेल, हें वरच्या थराला विचारावें लागे. त्या वर्षींच्या ४.३ या आवृत्तीपासून वरच्या थरानें मोठी मागणी खुशाल करावी व खालच्यानें ती सीमेवर तोडावी, अशी व्यवस्था झाली.

तुकड्याचें माप कामावरून ठरवावें. अनेकांच्या लहान मागण्या असतील तेथें तुकडा मोठा बरा. एकाच मोठ्या मागणीस वेग हवा असेल तेथें लहान. मात्र हा साधा प्रकार वेग देतो, संरक्षण देत नाहीं. एक तबकडी बिघडली, कीं उरलेल्या तिघींवर तुटके अवशेषच राहतात. म्हणून मोलाच्या माहितीची निराळी प्रत अन्यत्र ठेवणें अगत्याचें आहे.